सावरटोल्याची पाळ

मालगुजाराची जमीनदारी गेली आणि सावरटोल्याचा तलाव सरकारचा झाला, तेव्हा गावात कुणाला फारसं काही वाटलं नाही. तलाव तिथंच होता, मातीच्या पाळीवरची मोहाची झाडं तिथंच होती. धिवरांनी सोसायटी काढून मासेमारीचा ठेका घेतला आणि कुणब्यांच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांना, पहिल्यासारखंच पाणी मिळत राहिलं. सरकारचा तलाव म्हणजे काय, हे सत्तावन्न सालच्या माघात कळलं. त्या महिन्यात आरमोरीच्या रस्त्यानं लॉऱ्या आल्या.

लॉऱ्यांतून उतरलेल्या माणसांनी पाळीखालच्या बांध्या पाहिल्या, त्यांच्या कडेनं लागलेलं जंगल पाहिलं आणि ही जागा पसंत केली. सरकारला नवीन लढाऊ विमानं घ्यायची होती. दोन परदेशी कंपन्यांची विमानं पारखायला दिल्लीहून समिती येणार होती. जंगलाच्या कडेला लपलेला शत्रू कोणतं विमान नेमका टिपतं, हे त्यांना पाहायचं होतं. बांध्यांत धानानंतर पेरलेली लाखोळीची डाळ उभी होती. ती हिरवीच कापून न्या, म्हणाले. लोकांनी कापून नेली.

मग गावालाच कामाला लावलं. बांबूच्या ताटव्यांचे रणगाडे करायचे, त्यांना चिखल लिंपायचा, जमिनीवर चुन्याची मोठाली वर्तुळं आखायची. गोकुळानं आयुष्यभर माशांचे सापळे विणले होते, तिला ताटवे विणणं जड नव्हतं. तिच्या शेजारी बसून मनकर्णाही विणत होती. मनकर्णा नानाजी सरपंचांची बायको. रणगाडा पुरा झाला तेव्हा ती म्हणाली, "हे तं आपल्या कोंबड्याच्या खुराड्यावानी दिसून राह्यलं." त्या दिवशी सगळ्या बाया हसल्या. कामाचे पैसे रोजच्या रोज मिळत होते आणि गावाला हे सगळं जत्रेसारखं वाटत होतं.

चाचणीच्या दिवसांत लोकांनी गाव सोडून उत्तरेच्या टेकडीवर राहायचं, असं ठरलं. टेकडीच्या टोकावर फौजेनं मचाण बांधलं होतं. त्यावर वायरलेसचं यंत्र आणि दातार साहेब. दातार नागपूरचे, स्वतः विमान चालवणारे, तिशीतले. कोणतं विमान केव्हा यावं, केव्हा परत फिरावं, हे आभाळातल्या माणसाला सांगायचं काम त्यांचं होतं. मराठी बोलणारा साहेब म्हणून गावकरी त्यांच्याशीच बोलत.

पहिलं विमान आलं ते लहान होतं. येताना दिसलं नाही, गेल्यावर आवाज आला. दुसऱ्या कंपनीचं विमान एकदा नुसतंच घिरटी घालून गेलं. ते लांब-रुंद होतं, त्याच्या आवाजानं टेकडी थरथरली. लोकांनी लहान्याला भिंगरी म्हटलं आणि मोठ्याला घार.

गोकुळाचा नवरा उमाजी धिवरांच्या सोसायटीचा मुख्य होता. त्यानं दातारांना विचारलं, "साहेब, यातलं चांगलं कोणतं?"

"तेच तर ठरवायचंय."

"तुमाले का वाटते?"

"लहान आहे ते स्वस्त पडतं. पुढंमागं आपल्याच कारखान्यात बनवता येईल. पण फार लांब जात नाही, फार वजन नेत नाही. मोठं लांब जातं, भरपूर दारूगोळा नेतं. पण त्याचा एकेक खिळा बोटीनं यायचा. तिकडच्या सरकारचं मन फिरलं की आपलं विमान जमिनीवर."

"मंग दोनी थोडी थोडी घ्या."

"मग दोन तऱ्हेचे मिस्त्री लागतील, दोन तऱ्हेचे सुटे भाग. मी दोन वर्षं असल्या तळावर काढलीत. निम्मी विमानं सुट्या भागांची वाट बघत उभी असायची." त्यांनी दुर्बीण पुसली. "लढाई उद्या झाली तर मोठं हवं. दहा वर्षांनी झाली तर लहान. आणि लढाई केव्हा होणार ते समितीला कोणी सांगत नाही."

उमाजीनं मान हलवली. सावरटोल्यात लढाईबद्दल फारसं कुणाला माहीत नव्हतं, पण बैल घेताना असाच घोळ होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

चाचणीचा नियम साधा होता. दोन्ही विमानांना जमीन एकच, निशाणं एकच. आधी भिंगरीनं बॉम्ब टाकायचे, मग घारीनं. दोघांचं झालं की फोटो काढणारं विमान एकदाच येणार, आणि त्या फोटोंवरून कुणाचा नेम कसा ते मोजलं जाणार. तोवर त्या जमिनीवर कोणी पाऊल टाकायचं नाही. कडेनं बंदूकवाले शिपाई उभे होते.

भिंगरीचा नेम चांगला होता. खुराड्यासारखे दोन रणगाडे तिनं उडवले. शेवटच्या फेरीला मात्र बॉम्ब उशिरा सुटला. तो बांध्या ओलांडून गेला आणि पाळीच्या बाहेरच्या अंगाला, तुडुमाच्या जवळ पडला. तुडूम म्हणजे तलावातून बांध्यांत पाणी सोडायचं दार. मातीचा लोट उठला. तो खाली बसल्यावर टेकडीवरून दिसलं की पाळीला खालून घास घेतल्यासारखा खड्डा पडला आहे.

पाळ उभी होती. पाणी आतच होतं. उमाजी मात्र खाली बसला आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

"ओल दिसून राह्यली," तो म्हणाला.

खड्ड्याच्या तळाशी जमीन काळी पडत होती.

नानाजी आणि उमाजी लगेच दातारांकडे गेले. दातार खाली उतरून शिपायांच्या रेषेपर्यंत आले, दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, "उद्या घारीची फेरी आहे. संध्याकाळपर्यंत आटपेल. त्यानंतर माणसं घेऊन जा. मी स्वतः येतो."

"आज काऊन नाई, साहेब? दोन घंट्याचं काम हाये. धानाचं तणस आन चिकणमाती टाकतो, निघून येतो."

दातारांनी समितीच्या मोठ्या साहेबांना विचारलं. मोठ्या साहेबांनी दोन्ही कंपन्यांच्या माणसांना विचारलं. ते दोघं गोरे एरवी एकमेकांशी बोलतही नसत, या बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं. भिंगरीवाला म्हणाला, बॉम्ब विमानामुळे चुकला की बॉम्बच खराब होता, ते खड्डा तसाच राहिला तरच सिद्ध होईल. घारवाला म्हणाला, माझ्या विमानाला तीच जमीन मिळाली पाहिजे, नाहीतर ही तुलनाच नव्हे. मोठे साहेब म्हणाले, एका दिवसानं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं.

माघातलं मळभ होतं. पाऊस नाही, नुसती राखाडी चादर, टेकडीच्या माथ्याला टेकलेली. विमान येऊ शकत नव्हतं. फेरी उद्यावर गेली. उद्याही आभाळ तसंच होतं. लोक टेकडीच्या उतारावर बसून राहिले. चुली पेटत, भात शिजे, पण कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. खड्ड्यातून आता बारीक धार निघत होती. बांध्यांमधून वाट काढत ती चुन्याच्या वर्तुळापर्यंत पोचली आणि चुना धुऊन गेला.

तलावात त्या वर्षीचं सगळं होतं. पावसाळ्यात वैनगंगेवरून मडक्यांतून आणून सोडलेलं मत्स्यबीज आता हातभर झालं होतं. रोहू, मरळ. होळीनंतर जाळी पडायची होती. उन्हाळ्यात गावची गुरं याच पाण्यावर जगत, आणि पाऊस लांबला तर धानाच्या रोपांचे पऱ्हेही याच पाण्यावर टाकत. गावात विहिरी होत्या, पण वैशाखात त्या तळाला जात.

तिसऱ्या सकाळी गोकुळा शिपायांच्या रेषेपर्यंत गेली. ती रोज जात होती. तिथला शिपाई तिला ओळखू लागला होता, हटकत नसे. त्या दिवशी ती धावत परत आली.

"पाणी गढूळ येऊन राह्यलं," ती उमाजीला म्हणाली.

दोन दिवस स्वच्छ पाणी झिरपत होतं तोवर आशा होती. गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून चालली होती.

नानाजी पुन्हा मोठ्या साहेबांच्या तंबूत गेले. या वेळी सगळं गाव बाहेर उभं राहिलं. नानाजींनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. "साहेब, एकच घंटा द्या. आमी तुमच्या निशाणाले हात नाई लावत. पाळीच्या मांगून जातो, पाण्याच्या अंगानं."

मोठे साहेब कठोर माणूस नव्हते. त्यांनी नानाजींना खुर्ची दिली. दातारांकडून पाळीबद्दल सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या चाचणीवर देशाचे किती पैसे, किती माणसांचे जीव अवलंबून आहेत, तुम्हाला कल्पना नाही. उद्या ही तुलना खोटी ठरली तर चुकीचं विमान घेतलं जाईल. चुकीच्या विमानात आपली पोरं मरतील. तुमचं नुकसान सरकार भरून देईल."

"मासे तं मरतीन ना, साहेब. पाणी कुठून भरून देसान?"

साहेबांनी दातारांकडे पाहिलं. दातार म्हणाले, "सर, आपण ही फेरी दुसऱ्या जागी घेऊ शकतो."

"आणि पहिल्या विमानाची पुन्हा घ्यायची? ते परवा परत जाणार आहे."

तिथं बोलणं संपलं.

बाहेर आल्यावर दातार उमाजीजवळ थांबले. "उद्या आभाळ मोकळं होईल, असा निरोप आहे. सकाळीच फेरी घेऊ."

"उद्यापर्यंत पाळ नाई राहत," उमाजी म्हणाला.

दातार मचाणाकडे निघून गेले.

सकाळी आभाळ खरंच मोकळं झालं. निळं, धुतल्यासारखं. लोक उठून उभे राहिले. वायरलेसचा खरखराट सुरू झाला. विमान निघालं होतं.

गोकुळानं टोपली उचलली. कुणाला काही विचारलं नाही. तणसाचा एक भारा डोक्यावर घेतला, टोपली काखेत मारली आणि उतार उतरू लागली. मनकर्णानं हाक मारली, "गोकुळा, कुठी चालली?" तिनं मागं पाहिलं नाही. शिपायानं बंदूक आडवी धरली. ती बंदुकीखालून वाकून गेली.

"बाई, विमान आ रहा है, मागं फिरा," शिपाई हिंदी-मराठीत ओरडला.

"येऊ दे."

शिपायाला बाईवर हात टाकता येईना. तो मचाणाकडे बघत उभा राहिला, तेवढ्यात उमाजी त्याच्या बाजूनं गेला, मग मनकर्णा, मग नानाजी, मग धिवरांच्या आणि कुणब्यांच्या बाया आणि माणसं, ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन. पाळीवर पोचेपर्यंत पुरं गाव त्या जमिनीवर उतरलं होतं.

मचाणावर काय झालं ते गोकुळाला नंतर कळलं. मोठे साहेब म्हणाले होते की निशाण पाळीपासून पुरेसं दूर आहे, वैमानिक हुशार आहे, फेरी होऊ द्या. दातार म्हणाले होते, त्या दिवशीही निशाण दूरच होतं.

पण तेव्हा तिला एवढंच कळलं की जंगलाच्या वरून घार येते आहे. सरळ त्यांच्याकडे. मोठी होत होती, आवाज अजून मागंच होता. मनकर्णा पाळीवर पालथी पडली. नानाजी उभेच राहिले, हातात फावडं. गोकुळाला आपण काही करतो आहोत असं वाटलं नाही. तिनं तणसाचा भारा छातीशी धरला आणि डोळे मिटले. मग आवाज अंगावर कोसळला, पाण्यावर शिरशिरी उठली, आणि सगळं शांत झालं. डोळे उघडले तेव्हा मचाणावरून परत फिरायच्या खुणेचा लाल गोळा वर चढलेला दिसला, आणि घार वळून लांब चालली होती. तिनं काही टाकलं नव्हतं.

"हात चालवा," उमाजी म्हणाला.

बाहेरून माती टाकून उपयोग नव्हता, पाणी ती वाहून नेत होतं. आतल्या अंगानं पाणी कुठं शिरतं, ते भोक सापडायला हवं होतं. उमाजीनं कमरेला दोर बांधला. दुसरं टोक नानाजी आणि आणखी चारपाच माणसांनी धरलं. तो पाण्यात उतरला, पायानं चाचपत गेला आणि तुडुमापासून थोडं अलीकडे थांबला. "इथी ओढ लागून राह्यली," असं म्हणून त्यानं बुडी मारली.

वर येऊन त्यानं तणसात बांधलेला चिकणमातीचा गोळा मागितला. गोकुळानं दिला. तो खाली गेला, वर आला. दुसरा. तिसरा. बायांची रांग पाळीखालून माती पोचवत होती. बाहेरची धार बारीक झाली. मनकर्णा खड्ड्याजवळ उभी होती, ती ओरडून सांगत होती, "कमी झालं, आणखी कमी झालं." गोकुळाच्या मनात त्या सकाळी पहिल्यांदा काहीतरी सैल झालं.

मग पाळीवर उभ्या माणसांच्या पायांखालची जमीन हलली.

वरून काहीच दिसलं नव्हतं. तीन दिवस पाण्यानं पाळ आतून पोखरली होती. एक भोक बुजवलं तसं पाणी दुसरीकडून घुसलं. पाळीचा माथा बैलगाडीएवढ्या रुंदीत खाली बसला, हळू, एखादा माणूस थकून बसतो तसा. नानाजी ओरडले, "दोर ओढा." उमाजी त्या वेळी पाण्याखाली होता.

खचलेल्या जागी भगदाड पडू लागलं आणि पाण्याची सगळी ओढ तिकडे वळली. दोर पकडलेली माणसं घसरत गेली. गोकुळानं दोर धरला, तिच्या मागं मनकर्णानं, तिच्या मागं कोणीतरी. तो शिपाई होता, बंदूक टाकून आलेला. उमाजी वर आला तेव्हा भगदाडाच्या तोंडाशी होता आणि त्याचा उजवा हात वेगळ्याच दिशेला वळला होता. त्याला काठावर ओढलं आणि तेवढ्यात पाळ फुटली.

पाणी दुपारपर्यंत वाहत होतं. चुन्याची वर्तुळं, खड्डे, बांबूचे रणगाडे, भिंगरीचे सगळे नेम, काही उरलं नाही. बांध्यांमध्ये मासे तडफडत होते. सगळीकडे रुपेरी, हातभर लांबीचे. सुरुवातीला कुणी हात लावला नाही. मग एका म्हातारीनं टोपली भरायला घेतली आणि हळूहळू सगळेच वाकले. त्यांनी खाल्ले, वाळवले, आरमोरीच्या बाजारात जमले तेवढे नेले. बाकीचे सडले. तो वास होळी उलटली तरी गावातून गेला नाही.

समिती दुसऱ्या दिवशी गेली. लॉऱ्या निघाल्या तेव्हा गोकुळा उमाजीच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधत होती. दातार आले नाहीत. त्यांना आदल्या संध्याकाळीच जीपमधून नेलं होतं.

ते वैशाखात आले. एकटे, साध्या कपड्यांत, आरमोरीहून सायकलवर. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. मधोमध एक डबकं होतं, त्यात गुरं उभी होती. नानाजींच्या ओसरीवर त्यांना पाणी दिलं. तांब्या हातात घेऊन ते थांबले आणि अर्धाच प्याले.

"समितीतून काढलं मला," ते म्हणाले. "आता तळावर शिकाऊ पोरांना शिकवतो."

"आन विमान कोणतं घेतलं?" उमाजीनं विचारलं. त्याचा हात गळ्यात होता.

"मोठं. पण इथल्या चाचणीवरून नाही. इथल्या चाचणीचा निकालच लागला नाही, ती बाद झाली. तिकडच्या सरकारनं लवकर देतो म्हटलं, म्हणून घेतलं. लहान्याचं पुढं बघू म्हणालेत."

नानाजींनी विडी पेटवली आणि विझू दिली.

"पाळीचं काय झालं म्हणून मी लिहिलंय," दातार म्हणाले. "तलाव एका खात्याचा आहे, नुकसान दुसऱ्या खात्यानं केलं. दोघांत ठरायला वेळ लागेल."

"पावसाच्या आंदी ठरन का?"

"नाही. खोटं कशाला सांगू?"

गोकुळा दारात उभी होती. तिनं विचारलं, "साहेब, शेवटी तुमी थांबवलंच. मंग तीन दिवस आंदी काऊन नाई थांबवलं?"

दातारांनी तांब्या खाली ठेवला. "तेव्हा मला वाटलं, एक दिवस निभेल. रोज तेच वाटलं. आणि मला लहान विमान जिंकायला हवं होतं, बाई. चाचणी मोडली तर ते जाणार, हे मला माहीत होतं."

गोकुळाला राग यायला हवा होता. तीन महिने तिनं तो सांभाळून ठेवला होता. पण समोरचा माणूस उन्हात सायकल मारून एवढंच सांगायला आला होता, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ती आपल्या घरी गेली आणि त्याच्यासाठी भात वाढून आणला. वाळवलेले मासे संपले होते, भातावर नुसतं मीठ होतं. तो जेवला आणि उन्हं कलण्याआधी गेला.

गावानं पाळीला स्वतःच हात घातला. जेठात जेवढी माणसं होती तेवढी लागली. बरीचशी आलापल्लीकडे लाकूडतोडीला गेली होती, त्यांतली काही परत आलीच नाहीत. पहिल्या जोराच्या पावसात नवी माती अर्धी वाहून गेली, अर्धी टिकली. त्या वर्षी तलावात गुडघाभर पाणी राहिलं. गुरांना पुरलं, धानाला पुरलं नाही. मासे कुणी सोडलेच नाहीत.

उमाजीचा हात वाकडा जुळला. त्या हातानं जाळं फेकता येत नव्हतं. गोकुळाच्या भावाचा डोंगा वैनगंगेवर होता, ती दोघं तिकडे गेली. आता डोंगा तो वल्हवायचा, डाव्या हातानं, आणि जाळं ती फेकायची. बाईनं जाळं फेकलेलं त्या घाटावर कुणी पाहिलं नव्हतं. लोक सुरुवातीला काठावर थांबून बघत. नंतर बघेनासे झाले.

कधीकधी नदीवरून खूप उंचावरून आवाज जाई. घार असे की आणखी काही, ते कळत नसे. उमाजी वल्हं थांबवून वर बघे. गोकुळा त्याला म्हणे, "डोंगा धार सोडून चालला," आणि तो पुन्हा वल्हवू लागे.